महादेव लपला ती जागा

आमच्या घरी पचमढीला पचमढी असे कोणी म्हणत नसे. आजीच्या, आत्यांच्या आणि गल्लीतल्या सगळ्या थोरामोठ्यांच्या तोंडी त्या ठिकाणाचे नाव ‘मोठा महादेव’ असेच होते, आणि तिथे जाणे म्हणजे सहलीला जाणे नव्हे, तर ‘महादेवाला जाणे’. शिवरात्रीच्या आधी खांद्यावर त्रिशूळ घेऊन विदर्भातून निघणारी माणसे, श्रावणात नागद्वारीला, म्हणजे नागदेवाच्या गुहेला, जाणारे जत्थे आणि पोळ्याला बैलांसमोर म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांमधले ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ हे सगळे माझ्या लहानपणी एकाच डोंगराशी जोडलेले होते. तो डोंगर मध्य प्रदेशात आहे, हे मला भूगोलाच्या पुस्तकातून बरेच उशिरा कळले.

भस्मासुराची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायची गरज नाही. ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म होईल, असा वर शंकराने दिला आणि त्या वराचा पहिला प्रयोग असुराला शंकरावरच करावासा वाटला, एवढे आठवले तरी पुरे. आजी मात्र ही गोष्ट पुराणातली म्हणून सांगत नसे. ती शेजारच्या गावात घडलेली असावी तशी सांगत असे. महादेव पळाला, तो आधी एका घळीत शिरला, तिथे जटा टाकल्या, मग एका चिरेत आडवा होऊन लपला, मग पुढच्या गुहेत गेला, आणि शेवटी विष्णूने मोहिनी होऊन असुराला नाचवत नाचवत त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेवायला लावला. देवाला लपावे का लागते, असे मी एकदा विचारले होते. आजीचे उत्तर असे होते की, दिलेला शब्द परत घेता येत नाही, आणि ज्याला शब्द परत घेता येत नाही त्याला लपण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.

या नोव्हेंबरात आत्याला घेऊन मी पचमढीला गेलो. आत्या आता सत्तरीला आली आहे, गुडघे कुरकुरतात, पण लग्नाआधी तिने नागद्वारी पायी केलेली आहे आणि त्या एका बळावर ती मला अजूनही ‘तुले काय समजते’ असे म्हणू शकते. आम्ही नागपूरहून सावनेर, छिंदवाडा, परासिया, तामिया असे करत मटकुलीला आलो आणि तिथून घाट चढलो. हा रस्ता मुद्दाम सांगतो आहे, कारण गुहांची गोष्ट मला गुहांमध्ये नव्हे, तर याच रस्त्यावर सुरू होताना दिसली. छिंदवाड्याच्या पठारावर आपल्या ओळखीचा काळा कातळ असतो, तोच बेसॉल्ट, ज्यातून महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्री उभा राहिला आहे. परासियाच्या आसपास कोळशाच्या खाणी दिसू लागतात. तामियाच्या कड्यावरून खाली पाहिले की जमीन एकदम कोसळते आणि त्यानंतर रस्त्याच्या कडेच्या दरडींचा रंग बदलून पिवळसर, तांबूस, कुठे गंजल्यासारखा होतो. काळ्या कातळाचे राज्य तिथे संपते आणि वालुकाश्माचे सुरू होते.

या दगडाला भूवैज्ञानिक पचमढी वालुकाश्म म्हणतात. तो सुमारे २४ ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे ट्रायासिक काळातल्या नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यामुळे ज्याला आपण अतिप्राचीन कातळ म्हणून मान देतो, तो इथल्या दगडापुढे लहान भाऊसुद्धा नव्हे, नातू ठरेल. हे आकडे मी आत्याला गाडीत सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि संत्रे सोलायला घेतले.

पहिल्या दिवशी आम्ही जटाशंकरला गेलो. गावापासून ही घळ जवळच आहे. वरून काही कल्पना येत नाही; वाहनतळ, जडीबुटी विकणाऱ्यांची दुकाने, माकडे, आणि मग पायऱ्या खाली उतरू लागतात तशी दोन्ही बाजूंची भिंत उंच होत जाते आणि आकाशाची पट्टी बारीक होत जाते. दहा-पंधरा मिनिटांत माणूस पठारावरून थेट डोंगराच्या पोटात पोहोचतो. दोन कड्यांच्या मध्ये प्रचंड शिळा वरून कोसळून अडकून राहिलेल्या आहेत आणि त्यांच्या खालून वाट जाते. ऐन दुपारीही तिथे गारवा होता. भिंतींवर शेवाळ आणि नेच्यांची झाडे होती, आणि कुठून तरी सतत पाणी झिरपण्याचा आवाज येत होता. पचमढी नेच्यांच्या विविधतेसाठी वनस्पतिशास्त्रज्ञांमध्ये प्रसिद्ध आहे, ते का, हे अशा घळीत उतरल्यावर आपोआप कळते.

जटा म्हणजे नेमके काय, हे मला पाहायचे होते. फोटोत दिसतात त्या आकृतींकडे मी आजवर श्रद्धेची सोय म्हणून पाहत आलो होतो. माणसाला ढगात हत्ती दिसतो तशी दगडात जटा दिसली असणार, असे माझे मत होते. प्रत्यक्षात भिंतीजवळ गेल्यावर ते मत मला बदलावे लागले. वालुकाश्माच्या या थरांमध्ये लोहयुक्त पट्टे आहेत. पाण्याबरोबर फिरणारे लोखंड वाळूच्या कणांमध्ये साचून तिथे दगड कडक झालेला असतो, त्याचा रंगही गडद, जवळजवळ काळा-जांभळा होतो. आजूबाजूचा मऊ दगड झिजून मागे सरतो आणि हे कडक पट्टे शिरांसारखे पुढे येतात. ते सरळ नसतात. वळसे घेतात, एकमेकांत गुंततात, पुन्हा सुटतात. ओल्या भिंतीवर, मिणमिणत्या उजेडात, त्यावरून पाणी ओघळत असताना त्यांना जटा म्हटले नसते तरच आश्चर्य. कोणाला तिथे शेषनागाचा फणा दिसतो, तोही याच कारणाने. लोककथेने दगडाकडे नीट पाहिले होते. नीट न पाहता मत बनवणारा मी होतो.

मी हे सगळे आत्याला समजावून सांगितले. नदीने वाळू आणली, वाळूचा दगड झाला, दगडात पाणी फिरले. तिने भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहिले आणि म्हणाली, “मंग ते गंगाच असंन ना. जटेतूनच सुटली होती.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर शोधावेसेही वाटले नाही.

त्याच दिवशी परतताना पांडव गुंफा पाहिल्या. पाच मढ्या, म्हणजे पाच कुट्या, यावरून गावाचे नाव पडले असे सांगतात. सर्वांत हवेशीर गुंफा द्रौपदीची आणि सर्वांत अंधारी भीमाची, अशी वाटणीही लोकांनी करून दिलेली आहे. गुंफा सुंदर आहेत, वरच्या टेकडीवरून दिसणारा देखावाही चांगला आहे, पण मला तिथे फार वेळ काढता आला नाही. त्या छिन्नीने कोरलेल्या आहेत. खांब आहेत, चौकटी आहेत, आणि बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी त्या खोदल्या गेल्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. आपल्या भाषेत या दोन गोष्टींसाठी वेगळे शब्द आहेत, ही मला नेहमी अभिमानाची बाब वाटते. माणसाने खोदले ते लेणे. आपोआप झाली ती गुहा, घळ, कपार किंवा विवर. अजिंठा, वेरूळ, कार्ले ही लेणी; शिवथरची ती घळ. पांडव गुंफा या हिशेबाने लेणी आहेत. वनवासी पांडवांना मात्र लोकांनी सरसकट सगळीकडे राहायला लावले आहे. याच राज्यात विंध्याच्या वालुकाश्मात भीमबैठका आहे, जिथे भीम बसत असे म्हणून ते नाव पडले. १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकरांच्या नजरेला तिथली चित्रे पडली आणि २००३ मध्ये ते ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत गेले. भीमाला एवढ्या बैठका कशाला लागत होत्या, हा आत्याचा प्रश्न रास्त होता.

चित्रांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पचमढीभोवतीच्या कपारींमध्येही प्राचीन चित्रे आहेत. जटाशंकरच्या परिसरातल्या एका कपारीत तंतुवाद्य वाजवणारा बसलेला माणूस रंगवलेला आहे, म्हणून इंग्रजांनी तिला ‘हार्पर्स केव्ह’ म्हटले. १९३०च्या दशकात डी. एच. गॉर्डन यांनी या चित्रांवर लिहिले आणि त्याच सुमारास जी. आर. हंटर यांनी ‘डोरोथी डीप’ नावाच्या कपारीत उत्खनन करून तिथून दगडी सूक्ष्म हत्यारे बाहेर काढली. म्हणजे या कपारींमध्ये आडोसा घेणारे महादेव हे पहिले नव्हेत. पुढेही हा आडोसा कामाला आलाच. १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले, तेव्हा त्यांना साथ देणारे हर्राकोटचे कोरकू जहागीरदार भभूतसिंह याच डोंगरदऱ्यांच्या भरवशावर इंग्रजी फौजेला चुकवत राहिले. या भागात लपण्याची परंपरा जुनी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही महादेवाकडे निघालो. गावापासून साधारण दहा किलोमीटरवर एका दरीच्या तळाशी ही जागा आहे. वाटेत हांडी खोहच्या कड्यावर थांबलो. सुमारे ३०० फूट खोल, हंड्यासारखी दरी, जिच्यात शंकराने एका दुष्ट सर्पाला कोंडून ठेवले अशी कथा आहे. देखाव्याच्या जागांवर मला बोलण्यासारखे कधीच काही सुचत नाही. कड्याला लटकलेली आग्या मोहळाची पोळी पाहिली आणि पुढे निघालो.

बडा महादेव ही गुहा चांगली प्रशस्त आहे, साठ-एक फूट आत जाते. समोर शिवलिंग, पायाशी पाण्याचे कुंड आणि डोक्यावर ठिबकणारे छत. मोहिनीने भस्मासुराला संपवले ते इथेच, असे मानतात. गर्दी नव्हती. आत्या हात जोडून उभी राहिली आणि मी बाजूच्या भिंतीला तळहात टेकवला. तो काढला तेव्हा त्यावर वाळू होती. बारीक, ओली, करड्या-पिवळ्या रंगाची साधी वाळू, नदीकाठी बसून उठल्यावर हाताला लागते तशीच. मी जवळून पाहिले तर भिंतीत गारगोटीचे पांढरे, गुळगुळीत खडे रुतलेले होते, कोणी हरभऱ्याएवढे, कोणी सुपारीएवढे. दगडाला असा गोल आकार वाहत्या पाण्यात घरंगळून येतो. त्या खड्यांच्या ओळी सपाट नव्हत्या, एका बाजूला कललेल्या होत्या. वाहत्या पाण्याने वाळूचे ढीग पुढे पुढे ढकलत नेले की असे तिरके थर तयार होतात, आणि त्यांच्या उतारावरून पाणी कुठल्या दिशेने गेले ते ओळखता येते. ती नदी आटून कोट्यवधी वर्षे झाली तरी तिच्या वाहण्याची दिशा माझ्या हाताखाली होती.

वालुकाश्मातली गुहा चुनखडीतल्या गुहेसारखी होत नाही. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळत जाते आणि भुयारांचे जाळे तयार होते. वालुकाश्मातली वाळू सहजासहजी विरघळत नाही. कणांना एकमेकांशी धरून ठेवणारा चिकटा तेवढा सुटतो. पावसाचे पाणी वरच्या जंगलातून सच्छिद्र दगडात मुरते, उभ्या भेगांमधून खाली उतरते, आणि वाटेत चिकणमातीचा घट्ट थर लागला की त्याला खाली जाता येत नाही. मग ते आडवे सरकते आणि कड्याच्या पायथ्याशी पाझरते. पाझराच्या जागी दगड कायम ओला राहतो, चिकटा सुटतो, कण एकेक करून गळतात, आणि कड्याचा पायथा आतून पोखरत जातो. म्हणून या भागातल्या गुहा आणि पाणी वेगळे काढता येत नाहीत. छतातून ठिबकणारे पाणी गुहेत आलेले नसते. ते पाणी आहे म्हणूनच गुहा आहे. पावसाळा संपून दोन महिने झाले होते तरी छत ठिबकत होते, आणि भर उन्हाळ्यातही ते ठिबकते असे तिथले पुजारी म्हणाले. डोंगर पावसाळाभर पाणी पिऊन वर्षभर पुरवून सोडतो. अखंड अभिषेकाचे पात्र म्हणून लोकांनी ही जागा निवडली, यात त्यांच्या श्रद्धेइतकाच त्यांच्या निरीक्षणाचाही भाग असणार.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत खुपली. माझ्या हाताला नुसत्या स्पर्शाने वाळू लागत होती, तर चावीने कोरलेल्या नावांचे काय होत असेल? हाताला येईल तिथवरच्या भिंतींवर नावे, बदाम, तारखा कोरलेल्या आहेत, कुठे तैलरंगाने देवनागरीत गावांची नावे लिहिलेली आहेत, आणि त्यातली बरीच आपल्या विदर्भातली आहेत, हे नमूद करायला मला आनंद होत नाही. असल्या दगडावर रंग बसला की त्याखाली ओल कोंडते आणि पापुद्रा सुटून निघतो. चोवीस कोटी वर्षांच्या वाळूवर आपल्या मंडळाचे नाव लिहिणाऱ्या माणसाचा आत्मविश्वास मात्र दांडगा म्हणायला हवा.

तिथून थोड्या अंतरावर गुप्त महादेव आहे, आणि या प्रवासात मला सर्वांत आवडलेली जागा हीच. ही गुहा नाहीच; ती एक चीर आहे. वालुकाश्माच्या भक्कम कड्यात वरपासून खालपर्यंत उभी भेग पडलेली आहे आणि माणूस तिच्यात आडवा होऊनच शिरू शकतो. लांबी चाळीस-एक फूट असेल. टोकाला जेमतेम जागा आहे, त्यामुळे एका वेळी सात-आठ जणांनाच आत सोडतात. आतले बाहेर आल्याशिवाय बाहेरचे आत जाऊ शकत नाहीत, कारण मध्ये एकमेकांना ओलांडायला जागाच नाही.

मी पाठीवरची पिशवी न काढता शिरलो, ही माझी चूक. पाच-सहा पावले गेलो असेन, तोच पिशवीचा बंद मागच्या कंगोऱ्यात अडकला आणि मी पुढेही जाईना, मागेही येईना. छाती समोरच्या दगडाला टेकलेली, पाठ मागच्या दगडाला, चष्म्यावर माझ्याच श्वासाची वाफ. दगड गार होता आणि हजारो लोकांच्या अंगांनी घासून त्या उंचीवर गुळगुळीत, जवळजवळ मेणचट झालेला होता. खांद्याच्या वर मात्र तो पुन्हा खरखरीत होता, म्हणजे जत्रेच्या उंचीचे माप दगडावर उमटलेले होते. आत्या माझ्या मागे होती. तिने शांतपणे बंद सोडवला आणि म्हणाली, “बापू, पोट आत घे आन् तोंड एकाच बाजूले ठेव. देवबी असाच गेला होता.” पुढच्या रांगेत वर्ध्याकडची एक बाई होती, ती हसू लागली, तिचे हसू त्या चिरेत घुमून मागेपुढे गेले, आणि मला उगाचच हायसे वाटले. टोकाला लहानसे शिवलिंग आहे. तिथे पोहोचल्यावर करण्यासारखे फारसे काही नसते. आपण वळतो आणि पुन्हा आडवे होऊन बाहेर येतो. पण भस्मासुराला चुकवायला देवाने ही जागा का निवडली, हे तिथे शरीराला कळते. ज्याचा हात डोक्यावर येऊ द्यायचा नाही, त्याच्यापासून वाचायला हात उचलायलाच जागा नसलेल्या चिरेइतकी सुरक्षित जागा दुसरी कोणती?

इथे एक दुसरी गोष्ट सांगायला हवी, जी आजीला माहीत नव्हती. नागपूरला राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या मौखिक परंपरेतले एक दीर्घ गीत लिहून घेतले होते. १८६३ मध्ये हिस्लॉप वारले आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद संपादित करून छापले. त्या गीतात महादेव गोंडांवर नाराज होतो, त्यांना एका गुहेत कोंडतो, गुहेच्या तोंडाशी सोळा हात लांब शिळा लावतो आणि पहाऱ्याला बसवतो तो भस्मासुराला. चौघेजण तेवढे निसटतात. पार्वतीला कोंडलेल्यांची आठवण येऊ लागते. पुढे गोंडांचा तारणहार लिंगो येतो, तप करतो, महादेवाच्या सांगण्यावरून बिंदो पक्ष्याची पिले आणायला जातो, त्या पिलांना खाणाऱ्या सर्पाला मारतो, आणि अखेरीस आपल्या माणसांना गुहेतून सोडवून घेतो. आपल्या गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातली कचारगडची गुहा याच मुक्तीच्या कथेशी जोडलेली आहे आणि माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते.

पात्रे तीच, मांडणी उलटी. एका कथेत गुहेच्या आत महादेव आहे आणि बाहेर त्याच्या जिवावर उठलेला भस्मासुर. दुसरीत गुहेच्या आत माणसे आहेत आणि बाहेर महादेवाच्या आज्ञेने पहारा देणारा भस्मासुर. कोणती कथा आधीची, कोणी कोणाकडून काय घेतले, हा वाद घालण्याची माझी योग्यता नाही. परंतु या डोंगरात गोंड आणि कोरकू आधीपासून राहतात, कोरकूंच्या उत्पत्तिकथेतही महादेवच त्यांना लाल मातीपासून घडवतो, आणि आपण मागाहून जत्रेला येऊन फक्त आपल्याला माहीत असलेली गोष्ट घेऊन परत जातो, हे मला त्या चिरेच्या तोंडाशी उभे राहून खटकले. तिथल्या फलकावर एकच कथा आहे. त्याच डोंगरातल्या लोकांची दुसरी कथा फलकावर नाही, आणि गंमत अशी की दगडाच्या नावात आहे. ज्या खडकसमूहात हा वालुकाश्म मोडतो त्याला १९व्या शतकात भूवैज्ञानिकांनी गोंडांच्या प्रदेशावरून ‘गोंडवाना’ हे नाव दिले, आणि ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूस यांनी पुढे तेच नाव एका प्राचीन महाखंडाला दिले. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अंटार्क्टिका इथले शास्त्रज्ञ हे नाव रोज उच्चारतात. ज्यांना गुहेत कोंडले होते, त्यांचे नाव गुहेच्या भिंतीला लागले आहे.

हे मी आत्याला चहा पिताना सांगितले. या वेळी तिने संत्रे सोलले नाही. बराच वेळ विचार करून तिने विचारले, “आन् ते शिळा कोनं लोटली?” लिंगोने, मी म्हणालो. तिने मान डोलावली आणि चौरागडाच्या दिशेने पाहिले. तिथून खांद्यावर भगवे कापड टाकलेली काही माणसे उतरून येत होती. त्रिशूळ वर वाहून रिकाम्या हाताने परतणारी. तेराशेच्या घरात पायऱ्या आहेत, आत्याच्या गुडघ्यांनी त्यांचा विषयच काढू दिला नाही.

संध्याकाळी धूपगडला गेलो. १,३५२ मीटर, सातपुड्यातले सर्वांत उंच ठिकाण. बाकीचे लोक मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभे होते आणि आत्या त्यांच्याकडे पाठ करून, हाताने डोळ्यांवर सावली धरून दऱ्यांमध्ये काहीतरी शोधत होती. नागद्वारीची वाट याच बाजूने उतरते. ती वाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते आणि नागपंचमीच्या आधीचे थोडे दिवसच उघडते. एरवी तिथे जाता येत नाही. मी ती केलेली नाही. आत्याला पाऊस आठवत होता, चिखल आठवत होता, वेलींना धरून चढलेले कडे आठवत होते, आणि काजळी गाव आठवत होते.

काजळीची गोष्ट तिने तिथेच सांगितली. एका बाईला मूल होत नव्हते. तिने नवस केला की मुलगा झाला तर नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालीन. मुलगा झाला. ती काजळाची डबी घेऊन गुहेच्या तोंडाशी आली आणि नागदेव बाहेर आला तो डोंगराएवढा. डोळा केवढा, तर तिच्या अंगणाएवढा. बाई भ्याली. हात वर जाईना.

“मग?”

“मंग काय. त्यानं पाह्यलं का हिले जमत नाई. त लहान झाला. एवढा.” आत्याने आपली करंगळी दाखवली. “मंग तिनं घातलं काजळ.”

खाली वनरक्षकाची शिट्टी वाजली. अंधार पडायच्या आत सगळ्या गाड्या उतरवायच्या होत्या. रात्री खोलीवर बूट झटकले तर त्यातून बरीच वाळू निघाली. आत्याने ती मला टाकू दिली नाही. प्रसादाच्या पुडीचा कागद उघडून तिने ती त्यात घेतली, घडी घातली, आणि आपल्या पिशवीत, औषधांच्या डबीशेजारी नीट ठेवली.